स्पेशल गाडी

भोकरदन ते जालना धावणाऱ्या भुजंगरावांच्या जीपमध्ये सगुणाबाईला जन्मात कधी मोकळं बसायला मिळालं नाही. मालकाची बायको म्हणून तिची जागा सगळ्या सीटा भरल्यावर, आणि मांडीवर हमखास कुणाचं तरी लेकरू.

म्हणून अठ्ठ्याण्णव साली कोकणात जायचं ठरलं तेव्हा तिने अट घातली. आंबोलीच्या जंगलातून थेट समुद्रापर्यंत दिवसभराची स्पेशल जीप, सोबत गाईड, आणि मागे फक्त आपण दोघं.

"बिलकुल," भुजंगराव म्हणाले.

जीप निघाली. गाईड उंच झाडावरचा धनेश पक्षी दाखवत होता आणि भुजंगराव समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून उसासे सोडत होते. एका वळणावर फणस घेऊन दोन बाया उभ्या दिसल्या, तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले.

"म्या काही बोलून राह्यलो का?" ते म्हणाले. "न्हाई ना? मंग माझ्याकडं कामून बघती?"

पुढच्या वळणावर कडेवर पोर घेतलेली एक बाई उन्हात उभी दिसली, तेव्हा सगुणाबाईनेच गाडी थांबवायला सांगितली.

समुद्र दिसायला लागला तेव्हा जीपमध्ये फणस होते, कोंबड्या होत्या, भुजंगराव निम्मे बाहेर होते आणि गाईड मागच्या पायरीवर लटकला होता.

मांडीवरचं परकं पोर थोपटत सगुणाबाई गाईडला म्हणाली, "भाऊ, दांडा बराबर धरा. अजून दोन सीटा आरामात बसतेत."