फुली

पक्षाघाताने यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. तीन वर्षं झाली, दाढी, आंघोळ, शर्टाची बटणं, सगळं मीच करते.

आज बोलायला शिकवणाऱ्या बाई चित्रं दाखवत होत्या. यांनी कुलूप ओळखलं, कंगवा ओळखला. मग बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "या कोण?"

बराच वेळ यांचे ओठ नुसते हलत राहिले. "हा... हात."

बाईंनी वहीत फुली मारली. "मनाला लावून घेऊ नका, ताई. शब्दांची गल्लत होते."

मेलं कुलूप आठवतं, आणि मी नाही!

यांनी मांडीवरचा लुळा हात डाव्या हाताने बाजूला ढकलला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"उ... उजवा."

बाईंनी मान वर न करता दुसरी फुली मारली.