निरोगी नमुना

"रेषा परत वर गेली, सर," शर्वरी यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाली.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये एक जनुक भलतंच जोरात काम करतं आणि निरोगी पुरुषात ते गप्प असतं, हे लघवीच्या नमुन्यांवरून दाखवायचं होतं. रुग्णांचे नमुने शहाण्यासारखे वागत होते. घोळ घालत होता तो एक निरोगी नमुना: जनुक गप्प असायला हवं, तिथेही रेषा रुग्णांसारखी वर चढत होती.

"रुग्णाच्या नळीतला थेंब उडाला असणार. हात जरा जपून चालव," केळुसकर सर करवादले.

शर्वरीने नवे हातमोजे चढवले आणि सरांच्या डोळ्यांदेखत सगळं पहिल्यापासून केलं. रेषा तश्शीच वर चढली.

सरांचा राग कुठल्या कुठे पळाला. "अगं, म्हणजे हा माणूस निरोगी नाहीच! त्याला स्वतःला पत्ता नाही आणि आपलं जनुक बोलतंय. कोण आहे हा?"

शर्वरी मान खाली घालून हातमोजे काढत राहिली.

मग त्यांना आठवलं. निरोगी पुरुष मिळेनात, तेव्हा प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे पहिली बाटली त्यांनीच भरून दिली होती. वर म्हणालेही होते, "माझ्याइतका ठणठणीत कोण सापडणार तुला?"

सरांनी चष्मा पुसला, खुर्ची पडद्याच्या आणखी जवळ ओढली आणि ती रेषा खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळली.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊन येतो," ते म्हणाले. "जनुक चुकलं असेल, तर पेढे मी वाटीन. बरोबर निघालं, तर तू वाट."