मैनेची झूल

“कुणालाच पटायचं नाही, पण माझ्या मैनेनं झूल स्वतःच्या दातांनी ओढून फेकली!” बाबालालचाचा तबेल्याच्या दारात जमलेल्या घोडेवाल्यांना सांगत होता. “थंडी सरली की तिला सगळ्यांच्या आधी कळतं. अख्खी पाचगणी तिला बघून स्वेटर पेटीत टाकते!”

कुणी हसलं नाही. आत घोडी आडवी पडली होती, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. फुप्फुसं भरलीत, आता काही खरं नाही, असं सांगून डॉक्टर नुकतेच गेले होते.

चाचानं आवाज आणखी मोठा केला. थांबलं की परवाची दुपार आठवायची. ऊन कोवळं, अंगातलं जाकीट नकोसं झालेलं. आपल्याला उकडतंय म्हणजे तिलाही उकडत असणार, एवढंच त्यानं पाहिलं. खरजेच्या औषधासाठी तिचं सगळं अंग आपणच भादरलंय, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ती थरथरताना दिसेपर्यंत ध्यानातच आलं नाही.

“दातांनी, बरं का! शपथेवर सांगतो...”

आत मैनेचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली त्याची लेक मुमताज म्हणाली, “पोटाखालचा पट्टा घोडीच्या दातांनी सुटत नाही, अब्बा. झूल तुम्ही काढलीत.”