वॉशर कशाचा आहे

गेनर मेटकाफने केकमध्ये सुरी घातली तसे सगळे आपापल्या खुर्च्या सोडून आले. डेरेक तेवढा आला नाही.

"ये की," ती म्हणाली. "लिंबाचा आहे. तुला आवडतो तोच."

"माझा तुकडा बाजूला काढ. फियोनापासून लांब."

"मी डाएटवर आहे," फियोना म्हणाली.

"म्हणूनच म्हणतोय लांब."

सगळे हसले. निर्बंध घातलेल्या देशांत कुठलीही वस्तू पाठवायची असेल तर डार्लिंग्टनच्या या चौथ्या मजल्यावरून परवाना घ्यावा लागे. अर्जाचा निकाल वीस दिवसांत लावायचा, असा नियम. सलग अकरा महिने एकही अर्ज विसाच्या पुढे गेला नव्हता. लंडनहून वरिष्ठांचं अभिनंदनाचं पत्र आलं होतं. महिन्याचा आकडा असा स्वच्छ निघाला की केक गेनरने आणायचा, हा तिथला रिवाज.

आणखीही एक रिवाज होता. अर्जदाराला काही प्रश्न विचारला, तर उत्तर येईपर्यंतचे दिवस मोजले जात नसत. त्यामुळे एकोणिसाव्या दिवशी काम उरलेलं असेल तर एखादा प्रश्न शोधायचा. याला ते 'फाइल चहाला पाठवणं' म्हणत. चहाला गेलेली फाइल रोजच्या यादीतून नाहीशी होई. ही युक्ती सगळ्यांना गेनरनेच शिकवली होती.

ती दोन बशा घेऊन डेरेककडे गेली. त्याच्या टेबलावर एक फाडलेलं पाकीट होतं, आणि पाकिटाशेजारी एक काळा वॉशर. अंगठीपेक्षा थोडा मोठा.

"हे काय?"

"चहाला गेलेल्या एका फाइलचं उत्तर. पाकिटात काहीतरी गोल लागतंय म्हणून खाली टपालाच्या तपासणीत पाच आठवडे पडून होतं. आज वर आलं."

पाकिटातलं पत्र हाताने लिहिलेलं होतं. हार्टलपूलच्या कुणा व्हेरा हॉब्सनचं. गेनरने ते उभ्यानेच वाचलं.

'तुम्ही विचारलंत, भावाला पाठवायच्या पंपातला वॉशर कशाचा आहे. दुकानदाराला माहीत नाही. पंप बनवणाऱ्या कंपनीला दोनदा लिहिलं, त्यांनी कळवलं नाही. मला यातलं काही समजत नाही, म्हणून पंप उघडून वॉशरच पाठवते आहे. तुमच्याकडे तपासणारी माणसं असतील. तिकडे माझ्या भावाचं ऑक्सिजनचं मशीन या पंपावाचून बंद आहे. शेजारच्या इमारतीतून एक मशीन मिळतं, दिवसातून चार तास. तपासून झालं की वॉशर कृपया परत करावा, त्याच्याशिवाय पंप चालणार नाही. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल क्षमा असावी.'

शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. बशा खाली ठेवल्या.

"यात अडचण काय होती?"

"काही नाही. उपचाराचं सामान आहे. परवाना लिहून तयार होता, तुझी सही तेवढी राहिली होती."

"मग चहाला का पाठवलीस?"

"तू लंडनला निघाली होतीस. एकोणिसावा दिवस होता. मी तुला फोन केला."

"मी काय म्हणाले?"

डेरेक संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिला. "म्हणालीस, विचार काहीतरी. वॉशर कशाचा आहे, असलं काहीतरी."

तिला फलाट आठवला. एका हातात कॉफी होती, गाडी लागली होती. फोनवर दोघंही हसले होते, हेही आठवलं.

"आत्ता काढ," ती म्हणाली. "सही आत्ता करते. आणि हा वॉशर आजच्या कुरियरने गेला पाहिजे. मी स्वतः खाली नेऊन देते."

डेरेकने फाइल उघडली आणि त्याचा हात थांबला. फाइलला एक ईमेल येऊन चिकटलं होतं, नऊ दिवसांपूर्वीचं. चहाला गेलेली फाइल मध्ये कुणी उघडून बघत नसे.

दोनच ओळी होत्या. 'मी माझा अर्ज मागे घेते आहे. वॉशर परत पाठवण्याची तसदी घेऊ नये.'

"गेनर, या ना इकडे दोघं," पलीकडून फियोनाने हाक मारली. "लंडनला फोटो पाठवायचाय. डेरेक, पोट आत घेऊन ये."

दोघंही वळले नाहीत.

"तिला काही लिहू का?" डेरेकने विचारलं.

"काय लिहिशील?"

त्याने उत्तराचं कोरं पान उघडलं आणि पुन्हा मिटलं. तिनेच म्हटलं, "बंद कर फाइल."

त्याने दोनदा प्रयत्न केला. "होत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर भरल्याशिवाय बंद होत नाही." त्याने रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. "इथे काय भरू?"

गेनरने वॉशर उचलला. चिमटीत धरून दाबला. तो चपटा झाला, आणि सोडल्यावर पुन्हा गोल झाला.

"रबर," ती म्हणाली.

डेरेकने तो शब्द भरला. थांबलेली मोजणी एका दिवसाने पुढे सरकली, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: दिवस वीस. मुदतीत.