भागीरथीकाकूंची भाजणी

"मावशी, आजपासून पाकिटात चिठ्ठी टाकायची नाही," विक्रांत म्हणाला.

भागीरथीबाईंचा हात भाजणीच्या डब्यात थांबला.

"का रे? गिऱ्हाइकाला नावानं हाक मारा, असं तुझ्या सरांनीच सांगितलं होतं ना?"

"तो पहिला धडा होता. आता पुढचे आलेत."

मंदीत नोकरी गेल्यापासून विक्रांत दर रविवारी विठ्ठलवाडीच्या एका क्लासला जात होता. इंटरनेटवरून छोटा धंदा कसा वाढवायचा, ते तिथं शिकवत. आई गेल्यावर या मावशीनंच त्याला वाढवलं होतं. तिला पोटचं मूल नव्हतं, त्यामुळे त्याच्यावर जीव जरा जास्तच. त्यानं वेबसाइट काढून तिला मावशीचं नाव दिलं, तेव्हा त्या अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटल्या होत्या.

'ग्राहकाला वस्तू नको असते, माणूस हवा असतो,' हा सरांचा धडा विक्रांतनं वहीत उतरवला आणि भागीरथीबाईंनी मनावर घेतला. नाशिकच्या बाईंना त्या लिहीत, थालीपिठात कांदा बारीक चिरा. ठाण्याच्या आजोबांना लिहीत, तेल बेतानं. अंबरनाथ पश्चिमेच्या त्या बंद दारांच्या बिल्डिंगमध्ये त्यांना विचारणारं कुणी नव्हतं. ही न पाहिलेली माणसं मात्र ईमेलमधून तब्येत विचारत. त्यांची इच्छा एकच होती. यातलं कुणीतरी एकदा दारात यावं, समोर बसावं आणि आपल्या हातचं गरम थालीपीठ खावं.

"माझा फोटो तरी टाक की साइटवर," त्या मागेच म्हणाल्या होत्या.

"फोटोनं साइट जड होते, मावशी. उघडायला वेळ लागतो."

मध्यंतरी ऑर्डरी आटल्या. विक्रांतचा चेहरा उतरला. मग या आठवड्यात एकदम इतक्या ऑर्डरी आल्या, की भाजता भाजता भागीरथीबाईंचे हात भरून आले. विक्रांतनं साइटवरचा घरचा नंबर काढून स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. चिठ्ठ्या गेल्या, फोनही गेला. धंदा आपल्या नावाचा आणि आपणच त्यात पाहुण्या, हे त्यांना लागलं. पण पोरगं पुन्हा हसायला लागलं होतं, म्हणून त्यांनी पुढची कढई चढवली.

"लोक काय लिहितात, ते तरी वाच."

विक्रांतनं सायबर कॅफेतून आणलेला कागद उघडला. "'डबा उघडला की डोळ्यांत पाणी येतं. पुरवून पुरवून खातोय.'"

"मिरची जास्त झाली असेल," त्या म्हणाल्या, पण दिवसभर खुशीत होत्या.

दुसऱ्या दिवशी तो पार्सलं टाकायला पोस्टात गेला आणि बेल वाजली. दारात साध्या सुती ड्रेसमधली एक मुलगी उभी होती.

"मी हिमानी. पुण्याहून आलेय. भाजणी मागवते तुमच्याकडून. पत्ता पाकिटावर होता."

भागीरथीबाईंना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी तिला हात धरून आत आणलं, गॅसवर तवा चढवला.

"बस गं. पाच मिनिटांत थालीपीठ वाढते."

"नको नको. आज काहीच नको."

"बरं, चहा?"

"पाणीसुद्धा नको, खरंच." ती खुर्चीच्या कडेला टेकली. "विक्रांत नाहीत का?"

"पार्सलं टाकायला गेलाय."

"या दिवसांतही?"

यात काय नवल, ते भागीरथीबाईंना कळेना. मागवून खातात आणि घरी आल्यावर घोटभर पाण्यालाही नाही म्हणतात! पुण्याची रीत असेल, असं त्यांनी मनाला समजावलं, पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

"आमच्या दारातून कुणी उपाशी जात नाही हो," त्या म्हणाल्या.

हिमानीनं चटकन उठून त्यांचे हात हातात घेतले. तिचे डोळे भरले होते.

"रागावू नका. सुतकात घेत नाहीत ना काही. विक्रांतनी साइटवर इतकं मनापासून लिहिलंय, की वाचून मला घास गिळेना. काकूंच्या हातची शेवटची भाजणी म्हणून आमच्या सगळ्या बिल्डिंगनं मागवली. तुम्ही त्यांच्या बहीण का? भागीरथीकाकूंचं तेरावं कधी आहे?"