फाट्यावरचा बाण

तांबडं फुटायच्या आतच बानूबाईने खराटा आणि शेणकाल्याची बादली घेऊन वरकुट्याचा फाटा गाठला. डांबरी रस्त्यावर पांढऱ्या फक्कीने काढलेला बाण तिच्या कांद्याच्या रानाकडे तोंड करून पडला होता. काल संध्याकाळी जीपमधून दोन माणसं उतरली, टेप लावून रस्ता मोजला, रानाकडे बोट करून काहीतरी बोलली आणि बाण काढून निघून गेली. मागेही अशीच माणसं आली होती, अशीच फक्की पडली होती, आणि कालव्याच्या चारीने तिचं निम्मं रान खाल्लं होतं. उरलेल्या निम्म्यात हे कांदे होते.

सून विजयमाला मागोमाग धावत आली.

"आत्याबाई, अवो शर्यतीचा बाण हाय त्यो! सायकली हितनं वळून बावड्यावरनं इंदापूरला जायच्यात."

"तुला कुणी सांगितलं?"

"समद्या गावाला ठावं हाय."

"समद्या गावाला फसवाया कितीसा येळ लागतोय? आन् शर्यतीत माजा नागेशच हाय न्हवं? जल्मापासनं ह्या फाट्यावरनं जातोय त्यो. त्याला बाण कशाला लागतोय?"

शर्यतीत पुण्या-मुंबईची पोरंही होती, त्यांनी हा फाटा कधी पाहिला नव्हता, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. आपलं माणूस शर्यतीत असलं की बाकीचे कुणाला दिसतात? बानूबाईने बाणावर शेणकाला ओतला आणि दाबून खराटा मारला.

शर्यत बघायचा बेत गावाने आठवडाभर आधीच ठरवला होता. सरपंच हिंदुरावांनी फाट्यावर मांडव घातला, बायकांना लिंबाखालची सावली दिली, हलगीवाले सांगून ठेवले. नागेश पहिला आला तर खेळाडू म्हणून त्याला नोकरी लागणार होती, आणि ती गावालाच लागल्यासारखं सगळे बोलत होते. बानूबाईनेही बिरोबाला बोकड कबूल केला होता. पण ती बसली रस्त्याकडे पाठ आणि रानाकडे तोंड करून. एवढ्या गर्दीचा फायदा घेऊन कुणी मोजणीच्या खुंट्या ठोकल्या तर?

उन्हं चढली तेव्हा मोटारसायकलवरून लाल झेंडेवाला आला आणि वळणावर उभा राहिला. पाहुण्याला उन्हात उभं ठेवणं कुठल्या गावाला शोभतं? हिंदुरावांनी त्याला हाताला धरून मांडवात चहाला नेलं. त्याची बशी तोंडाला लागते न लागते तोच बारामतीकडून सायकलींचा घोळका आला. खाली बाण नव्हता, समोर झेंडा नव्हता. घोळका सरळ इंदापूरच्या रस्त्याने निघून गेला.

मागे राहिलेला नागेश तेवढा वळला. वळताना तो ओरडला, "अयं, हिकडं! हिकडनं हाय!"

घोळक्यातल्या दोघातिघांनी मागे पाहिलं. पोरगं इथलंच, दोन्ही बाजूंना गावही त्याचंच. त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? हलगी कडाडली आणि नागेश एकटाच बावड्याकडे गेला.

दुपारी एसटीडी बूथवर इंदापूरहून फोन आला. सरळ गेलेले सगळे बाद, नागेश पहिला! गुलाल उधळला गेला. बानूबाईने कपाळाला भंडारा लावला आणि आनंदाने रडली.

तेवढ्यात जीप आली. जीपमध्ये टेप आहे का, हे तिने आधी पाहिलं. टेप नव्हती. शर्यतीचे पंच उतरले, मागून नागेश उतरला. अंगात नंबराचा बनियन, हातात काही नाही.

"इथला बाण कुणी पुसला?" पंचांनी विचारलं. "ठरवून पुसला असेल तर याचा नंबर जाईल. पुन्हा कुठल्या शर्यतीतही उतरता येणार नाही."

"वाऱ्यानं उडाला असंल सायेब," हिंदुराव म्हणाले.

"आणि शेण कुणी सारवलं, वाऱ्यानं? झेंडेवाल्यालाही नेमका तेव्हाच चहा पाजलात."

बानूबाई पुढे झाली. "म्या पुसला. पोराला त्यातलं काय बी ठावं न्हाय. मला वाटलं मोजणीवाल्यांचा बाण हाय. रान जाईल म्हणून पुसला."

"तुम्ही कोण?"

"ह्येची आई."

"अच्छा," पंच म्हणाले.

सासूवर बालंट येतंय हे बघून विजयमालाला राहवेना. "खरं बोलत्यात त्या, सायेब! शर्यतीचा बाण हाय म्हणून मी किती सांगितलं, तरी पटलं न्हाय त्यास्नी."

"म्हणजे सांगितलं होतं," पंच म्हणाले. त्यांना आता आणखी काही विचारायचं नव्हतं. ते जीपकडे वळले.

कपाळावरच्या भंडाऱ्याला बोट लावून बानूबाई मोठ्याने म्हणाली, "बिरोबाची आण! रान वाचवाया पुसला. दुसरं काय बी मनात न्हवतं."

पंचांनी वळून पाहिलं नाही. ती नागेशकडे आली. बाहेरच्या माणसाला नाही पटणार, पण त्याने चारी खणताना पाहिली होती, त्या दिवशी चूल पेटली नव्हती तेही पाहिलं होतं. त्याला तरी पटेल.

नागेशने छातीवरचा नंबर काढला, त्याच्या टाचण्या नीट मुठीत धरल्या आणि पंचांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात म्हणाला,

"आये, माज्यापायी देवाची खोटी आण कशाला घेतीस? मी माज्या पायानं आलो असतो की गं पयला."