लग्नाच्या टोपल्या

तोरणमाळच्या डोंगरावरून उतरलेले सकाळचे ऊन आधी हस्तकला ग्रामाच्या कुडांवर रेंगाळले, सारवलेल्या अंगणावर पसरले आणि अखेर टोपली विणणाऱ्या तुळशीबाईच्या बोटांवर येऊन थांबले. सहलीला आलेल्या मुलींपैकी एकीने विचारले, “आजी, पूर्ण झालेली टोपली दाखवा ना.” “मन्हा पोऱ्याले इचार, माय. बहीणना लगनसाठे समद्या त्यानीच ठेयेल शेतस.” तिचा मुलगा राजेंद्र पाहुण्यांना माहिती सांगायला उभा होता. विणकामाची सुरुवातच लोकांना आवडते, म्हणून ग्रामाच्या मालकाच्या हुकुमावरून तो रोज संध्याकाळी, आई घरी परतल्यावर, टोपली उसवी आणि त्याच बांबूच्या कामट्या सकाळी तिच्यापुढे ठेवी. पुऱ्या झालेल्या टोपल्या बहिणीच्या लग्नासाठी जपून ठेवल्यात, असे त्याने आईला सांगितले होते; तिच्या अधू नजरेला उसवलेले दिसत नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. तिने कामटीवरच्या कालच्या वळांवरून अंगठा फिरवला. “दखाड ना, राजू. पोरी वाट दखी ऱ्हायन्यात.” आईला सारे ठाऊक होते.